केस आहे का, खरं सांगा!

तुम्ही दर वेळी म्हणता, सुनंदाबाई, तुमच्या ऑफिसातलं काहीतरी सांगा. अहो, एक असलं तर सांगेन! आमच्याकडं किस्से कसे साठतात माहितीय? कार्यक्रमाच्या घरी दाराशी चपला साठतात तसे. एकाची सरळ करायला जावं तर खालून दुसऱ्याची निघते.

आज मात्र मी हसवायला बसले नाही हं. आज शनिवार. सोमवारी मला कोर्टात उभं राहायचंय. कालपासून घरात बसवत नाही, म्हणून तुमच्यात येऊन बसलेय. बोललं की जरा बरं वाटतं.

माझ्या नोकरीचं तुम्हाला अर्धवट माहीत आहे, पुरतं सांगते. नांदेडला आमची एजन्सी आहे. वॉचमन, गार्ड, हॉस्पिटलला सफाईची माणसं, असं सगळं पुरवतो. लातूरला ब्रँच आहे, कारण तिथं गल्लीगल्लीत क्लासेसची हॉस्टेलं, अन् प्रत्येक हॉस्टेलला वॉचमन लागतोच. मालक मन्मथअप्पा. मूळचे उदगीरचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात एकच वाक्य: "केस म्हणजे केस! ज्याच्यावर केस, तो आपल्याकडं नको." चोरी असो, भांडण असो, सुटलेला असो नाहीतर भोगून आलेला असो, अप्पांना सगळं सारखंच.

नियम अप्पांचा, पण पेन्सिल माझी. नवा माणूस आला की मी त्याला समोर बसवते, डोळ्यात बघते अन् विचारते, "केस आहे का? खरं सांगा!" हो म्हणाला की फाईलवर लाल पेन्सिलीनं फुली. फुली दिसली की अप्पा फाईल उघडत पण नाहीत. नाही म्हणाला तर त्याचा कागद पोलीस व्हेरिफिकेशनला. असं चौदा वर्षं चाललंय.

आता पोटातलं सांगते. माझ्यावर पण एक केस आहे.

*

थांबा, तोंडावर हात ठेवू नका, ऐका तरी!

एकोणीस वर्षांची होते. माहेर लातूर जिल्ह्यातलं. गावात सतरा दिवस टँकर आला नव्हता. आम्ही बायकांनी घागर मोर्चा काढला, तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसवर. तिथला क्लार्क खिडकीतून म्हणाला, "बायांनो, घरी जा. टँकर कागदावर येऊन गेलाय." कागदावर! माझ्या हातात पितळेची घागर होती. दुसऱ्या क्षणाला ती माझ्या हातात नव्हती. त्या माणसाच्या डोक्याला तीन टाके पडले.

सात बायांवर केस झाली. सरकारी कामात अडथळा, मारहाण. मी आरोपी क्रमांक सात. नाव, कुशावर्ता ज्ञानोबा सूर्यवंशी.

वडिलांनी पंधरा दिवसांत माझं लग्न उरकलं, नांदेडला. सासूबाईंना कुशावर्ता हे नाव लई लांब वाटलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, सुनंदा. आडनाव कदम. झालं! त्या तांदळात माझी केस बुडाली. सुनंदा कदमच्या नावावर आजवर ट्रॅफिकची पावती सुद्धा फाटलेली नाही.

पुढं केसचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. माहेरी कुणी विषय काढला तर मी उठून चहा टाकायला जायची. अन् इकडं नांदेडला दुसऱ्यांच्या फायलींवर फुल्या मारायची. हसा, हसा. मला येत नाही हसू.

*

हदगावकडचा एक गडी आला, बालाजी. छाती एवढी, दारातून आडवं यावं लागलं.

"केस आहे का?"

"हाव बाई, मारामारीची एक हाय. पर सर्टिफिकेट आणलंय."

मला वाटलं सरपंचाचं असेल. नाही! ज्याला मारलं, त्याचं! 'सदर बालाजी यास मी लहानपणापासून ओळखतो. तो स्वभावाने गरीब असून त्याने मला फक्त एकदाच मारले आहे.' खाली सही. अन् सही करणारा सोबतच आलेला, दारात उभा. पुढचा एक दात गायब.

"अहो, तुम्ही ह्याच्यासाठी आलात?" मी विचारलं.

"चूक माझीच हुती बाई. भांडण म्या काढलं, पयला हात बी म्याच टाकला. ह्याचा हात जरा जड पडला, एवढंच."

अप्पा आतून ओरडले, "केस कुणावर आहे?"

"बालाजीवर."

"अन् तो दुसरा?"

"त्याच्यावर नाही अप्पा. त्यानं मार खाल्लाय."

"मग त्याला घ्या!"

घेतला! गार्ड म्हणून घेतला! मार खाणारा आमच्या गेटवर लागला अन् मारणारा सोयाबीन काढायला परत गेला. जाताना बालाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं, एक तरी लागला कामाला. नीट ऱ्हा. कुणी आंगावर आलं तर मला फोन कर!"

*

भोकरचा एकजण होता. त्याचं नाव सांगत नाही, अप्पांना अजून त्रास होतो. व्हेरिफिकेशन आलं, 'निरंक'. बोलणं गोड, भांग सरळ, येता-जाता नमस्कार. अप्पा त्याची फाईल काम देणाऱ्या पार्टीला नमुना म्हणून दाखवायचे. "बघा, असा माणूस देतो आम्ही!"

तीन महिन्यांनी तो अप्पांची नवीकोरी मोटारसायकल घेऊन पसार झाला. चावी अप्पांनीच दिली होती, हवा भरून आण म्हणून!

अप्पा तक्रार देऊन आले, खुर्चीत बसले, घाम पुसला अन् म्हणाले, "बाई, आता त्याच्यावर केस झाली. नियमाप्रमाणं त्याला कामावरून काढा."

"अप्पा, तो आहे कुठं काढायला?"

"ते मला माहीत नाही. फुली मारा."

मारली फुली. सगळं ऑफिस हसत होतं. मी पण हसले, पण घरी जाताना ऑटोत बसल्यावर आठवलं, माझ्या स्वतःच्या फाईलवर पण तोच शब्द आहे. निरंक.

*

एक रिकामटेकडा वाटावा असा मध्यम वयाचा माणूस. पण जीभ बघा त्याची.

"बाई, कोणती केस चालती तुमच्याकडं?"

"कोणतीच नाही."

"निवडणुकीला तर चालती की! आमच्या मेंबरवर पाच हायेत."

अप्पा बाहेरच उभे होते. म्हणाले, "मेंबरला गेटवर बसायचं नसतं."

"म्हणूनच तिथलं गेट समद्यास्नी उघडं हाय जी!" म्हणाला, अन् आपली पिशवी उचलून चालता झाला. अप्पा दिवसभर गेटाकडं बघत होते.

*

ही मात्र शोभाची गोष्ट. उमरीकडची. नवरा आमच्याकडं सफाईत, नांदेडच्या एका हॉस्पिटलला. घरी मारायचा, म्हणून शोभानं केस केली. ऑफिसला कळलं, अप्पांनी दुसऱ्या दिवशी त्याला काढला. मला लई बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. फुली मारताना पेन्सिल जरा दाबूनच धरली होती.

आठवड्यानं शोभा ऑफिसात हजर. मला वाटलं, आभार मानायला आलीय.

"माझ्या नवऱ्याला कामून काढलं?"

"अहो, तुम्हीच केस केलीत ना!"

"केस केली ती त्यानं मारायचं थांबावं म्हणून. थांबलंय. आता दिवसभर घरात बसून राहिलाय अन् माझ्याच डब्यातलं खाऊन राहिलाय. शिक्षा कुणाला झाली, बाई?"

अप्पा समजुतीनं म्हणाले, "असं करा, केस मागं घ्या. मी त्याला परत घेतो."

"न्हाई घेत!" टेबलावर हात आपटला तिनं. "केस बी ऱ्हाईल अन् नोकरी बी! केस हाय म्हणून हात उचलत न्हाई, नोकरी असली तर घरात बसत न्हाई. मला दोन्ही पायजे!"

"नियम आहे, बाई."

"नियम करणाऱ्यानं एक दिवस त्याच्यासंगं घरात बसून दावावं!"

अप्पांनी त्याला परत घेतलं नाही. शोभा जिना उतरून गेली. तिनं एकदा मागं वळून बघितलं, ते माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीकडं. त्या दिवशी फुली मारायच्या तीन फायली मी नुसत्या हातात धरून बसले होते.

*

आता तुळशीराम. ह्याच्यासाठी तर एवढं सगळं सांगतेय.

शिरूर अनंतपाळकडचा. नऊ वर्षांपूर्वी आला. धोतर-सदरा, पन्नाशीचा माणूस, हातात रुमालात बांधलेली कागदं.

"केस आहे का?"

"हाव. हाफ मर्डर."

असं म्हणाला, जसं कुणी आपलं गाव सांगावं. "बांधावरून भांडण झालं. चुलतभावाला कुऱ्हाड घातली. वाचला त्यो, पर पाय गेला. सहा वर्षं भोगून आलो."

पेन्सिल माझ्या हातातच होती. पण मी एक प्रश्न विचारला, जो मी कुणाला विचारत नाही. "पस्तावा होतो का?"

"रोज हुतो. रोजच लंगडत जाताना दिसतो की त्यो. त्येच्या लेकीच्या लग्नात पंगतीला पाणी वाढलं म्या. त्यो काई बोल्ला न्हाई. पर त्यानं माझ्या हातचं पाणी पिलं."

मी फुली मारली नाही. का नाही मारली, मला विचारू नका. 'केस: नाही' असं माझ्या अक्षरात लिहिलं अन् फाईल आत पाठवली. त्याच्या व्हेरिफिकेशनचा कागद येतोय, येतोय करत नऊ वर्षं येतोय.

आधी त्याला गोडाऊनला लावला. मग लातूरला माणूस कमी पडला म्हणून एका महिन्यासाठी मुलींच्या हॉस्टेलवर पाठवला. तो महिना अजून संपलेला नाही!

तेव्हापासून लातूरचा फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते, मग उचलते. लोकांच्या पोरी आहेत हो! आई-बाप विश्वासानं सोडून जातात. उद्या काही झालं तर? माणूस चांगला वाटतो, पण कुऱ्हाड पण त्याच हातात होती. मी त्याच्यावर दया केली, की त्या पोरींच्या जीवाशी खेळले? मला पण मुलगी आहे. तिच्या हॉस्टेलवर असा माणूस चालला असता का मला? ह्याचं उत्तर मी आजपर्यंत स्वतःला दिलेलं नाही.

एकदा दुपारी फोन आला. रेक्टर मॅडम ओरडत होत्या, "बाई, तुमच्या वॉचमननं कहर केलाय!"

हातातला चहा साडीवर सांडला. आता गं बाई! संपलं सगळं! "काय केलं त्यानं?"

"तुमच्या मालकांना अर्धा तास गेटवर उभं केलंय!"

अप्पा न कळवता तपासणीला गेले होते. तुळशीरामनं अडवलं. "रजिस्टरात नाव लिवा, ओळखपत्र दावा."

"अरे, मी मालक आहे! तुझा पगार मी देतो!"

"आसाल जी. पर मालक हाव म्हणणारे लई येतेत. कोणत्या पोरीचे वडील तुमी? न्हाई ना? मग बाहीर थांबा."

शेवटी ड्रायव्हरनं लातूरच्या ब्रँचमधून ओळखपत्र आणलं, अप्पांनी रजिस्टरात सही केली, तेव्हा गेट उघडलं. मला वाटलं, आता तुळशीरामची काही खैर नाही. अप्पा नांदेडला आले ते हसतच. "बाई, असा माणूस पाहिजे! पंधरा ऑगस्टला शाल द्या ह्याला!"

दिली शाल. अप्पांनी स्वतः अंगावर घातली. टाळ्या वाजत होत्या, तुळशीराम माझ्याकडं बघत होता अन् मी फरशीकडं.

*

आता ह्या महिन्यातलं. लातूरच्या एका मोठ्या क्लासेसवाल्यांनी त्यांची सगळी हॉस्टेलं आम्हाला द्यायचं ठरवलं. अट एकच, एजन्सीतल्या प्रत्येकाचं नव्यानं व्हेरिफिकेशन. वॉचमनपासून ऑफिसपर्यंत, कुणी सुटायचं नाही. अप्पा खुशीत होते. "आपल्याला काय भीती, बाई? आपला नियम पक्का आहे!"

नवे फॉर्म आले. मी वाचायला घेतला. सातव्या ओळीत, स्त्रियांसाठी, लग्नापूर्वीचे नाव.

चौदा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं! अन् माझ्या हातूनच दीडशे फॉर्म वाटले गेले.

घरी आले. नवरा शाळेत क्लार्क आहे, कागदाचा माणूस. म्हणाला, "लिहू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं नको. रिकामं सोड."

"रिकामं सोडलेला फॉर्म मीच परत पाठवते हो!"

भाकरी अर्धी झाल्यावर हळूच म्हणाला, "तांदळात नाव मी लिहिलं होतं. मग मी पण आरोपी का गं?"

मला हसू पण आलं अन् रडू पण. दोन्ही एकदम आलं की घास कुठं जातो ते कळत नाही. ठसका लागला.

*

म्हटलं, आधी बघू तरी केस जिवंत आहे की मेली. पण 'मीच कुशावर्ता' म्हणून जायची छाती होईना. मग काय केलं? एजन्सीचं आयकार्ड गळ्यात घातलं, फाईल काखेत मारली अन् माहेरच्या तालुक्याच्या पोलीस स्टेशनात गेले, जशी दुसऱ्यांच्या चौकशीला जाते तशी.

एक वयस्कर हवालदार होते. मला पाणी दिलं, खुर्ची दिली. "कुणाची चौकशी हाय, ताई?"

"कुशावर्ता ज्ञानोबा सूर्यवंशी." स्वतःचं नाव इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं, ते पण परकं असल्यासारखं.

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत खाली आले. "ही बगा. घागर मोर्चा. सात बाया. सहा कोर्टात येत गेल्या, निर्दोष सुटल्या."

सहा सुटल्या! "अन् सातवी?"

"फरार."

फरार! अहो, मी दर गुरुवारी व्हेरिफिकेशनचे कागद घेऊन नांदेडला पोलीस स्टेशनात असते! तिथल्या हवालदाराच्या नातीच्या बारशाला जेवून आलेय!

"ज्यांना लागलं होतं, त्या क्लार्कचं काय झालं?" मी विचारलं.

"त्यो बिचारा दर तारखेला येत हुता साक्षीला. टोपी काढून टाके दावायचा. मागंच वारला."

मला त्या माणसाचं नाव पण माहीत नव्हतं. मी घागर फेकली, लग्न करून निघून गेले, अन् तो वर्षानुवर्षं टोपी काढत बसला. मला लाज वाटली. खरंच लाज वाटली.

हवालदारांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडं नोकरीला आली का काय ही?"

"हो. म्हणजे... फॉर्म आलाय."

"मग एक काम करा, ताई. परत आली की चहापाणी विचारा, बोलण्यात गुतवा, बसवून ठेवा. अन् गुपचूप मला फोन करा."

"बसवून ठेवते," मी म्हटलं.

त्यांनी नंबर दिला. मी व्यवस्थित लिहून घेतला! थँक्यू म्हटलं! बाहेर आले अन् लिंबाच्या झाडाखाली मटकन बसले. बसवून ठेवायला कुणाची गरजच नव्हती.

तिथूनच चुलतभावाला फोन लावला, तो ओळखीच्या वकिलाकडं घेऊन गेला. वकील म्हणाले, स्वतःहून हजर व्हा, जामिनाचं बघू. पण कोर्ट काय म्हणेल ते मी आज सांगू शकत नाही. सोमवारची वेळ ठरली. आता उरले अप्पा.

*

काल सकाळी फॉर्म भरून ऑफिसात गेले. सातव्या ओळीत कुशावर्ता लिहिलं. केसच्या रकान्यात सगळं लिहिलं, टाक्यांसकट. अप्पा यायचे होते. तेवढ्यात तुळशीराम आला, लातूरहून पहिल्या एसटीनं. हातात त्याचा फॉर्म. केसच्या रकान्यात ठळक अक्षरात एकच शब्द, हाव. खांद्यावर तीच शाल.

"बाई, म्या चाललो. तुमी माझ्यापायी न्हाई म्हणून लिवलाव. आता समद्याला कळंल अन् तुमची नोकरी जाईल. मी सांगतो अप्पास्नी, म्या बाईला फसवलं म्हणून. शाल वापस घेऊन आलोय."

हाफ मर्डर सुद्धा खरं सांगणारा माणूस पहिल्यांदा खोटं बोलायला निघाला होता, ते पण माझ्यासाठी. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्याला खुर्चीवर बसवलं अन् घागरीपासून फरारपर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला इथं कुणी इचारलं हुतं का, केस हाय का म्हणून?"

"नाही."

"मग तुमी कुठं खोटं बोल्लाव!"

मला धीर द्यायला म्हणाला तो. पण थोबाडीत बसल्यासारखं झालं. चौदा वर्षं मी सगळ्यांना विचारलं, मला एकानं पण विचारलं नाही.

"सोमवारी किती वाजता हाय?" तो म्हणाला. "म्या येतो संगं. पयली तारीख लई जड जाती, बाई. कुठं उभारायचं, कवा हात जोडायचे, मला समदं ठाव हाय."

अप्पा आले. आम्ही दोघं आत गेलो. दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले. शेजारी मी लाल पेन्सिल ठेवली.

अप्पांनी माझा फॉर्म वाचला. परत पहिल्यापासून वाचला.

"घागर भरलेली होती का रिकामी?"

"रिकामी, अप्पा. भरलेली असती तर मोर्चात कशाला गेले असते!"

हसले नाहीत. तुळशीरामचा फॉर्म उचलला. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् मी शाल घातली!"

तुळशीरामनं शाल काढून घडी केली अन् टेबलाच्या कडेला ठेवली. अप्पांनी तिला हात लावला नाही.

"नियम माहीत आहे ना, बाई?"

"मीच तर फुल्या मारते, अप्पा."

"सोमवारी कुठं जाणार म्हणता?"

"कोर्टात."

"रजेचा अर्ज दिलाय?"

इथं नोकरी जायची वेळ आलीय अन् हे रजेचं विचारतात! "नाही," मी म्हटलं.

"मग द्या. न सांगता गैरहजर राहिलेलं चालत नाही आपल्याकडं."

छापील अर्ज तिथंच होते. उभ्या उभ्या भरला. रजेचे कारण: फरार असल्यामुळे कोर्टात हजर होणे. तुळशीरामनं पण एक ओढून घेतला अन् जीभ चावत चावत लिहिलं, बाईस्नी कोर्ट दावणे. खाली एक रकाना असतो, कामावर परत रुजू होण्याचा दिवस. तो आम्ही दोघांनी कोरा ठेवला. काय लिहिणार?

अप्पांनी माझा अर्ज पुढं ओढला. लाल पेन्सिल उचलली अन् त्या कोऱ्या रकान्यावर टेकवली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिथं लिहिलेलं होतं, मंगळवार.

मग त्यांनी तुळशीरामचा अर्ज माझ्यापुढं सरकवला अन् त्यावर पेन्सिल ठेवली.

"ह्याचं तुम्हीच लिहा, बाई," अप्पा म्हणाले. "नऊ वर्षं तुम्हीच लिहिताय."